आधी वीजजोडणी, मग घंटागाडी

महाराष्ट्रातल्या शहरांत कचऱ्याच्या गाड्या डिझेलवरून विजेवर न्यायचा विषय निघाला की दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक बाजू म्हणते, परदेशात हे कधीच झालं, आपण कशाची वाट बघतोय? दुसरी म्हणते, आपले खड्डे, आपला पाऊस आणि कोळशाची वीज, इथे हे टिकायचं नाही. ब्रिटनमधून पाहताना दोघांचंही गणित चुकतंय असं मला वाटतं.

'कधीच झालं' हे खरं नाही. मँचेस्टरने 27 विजेच्या गाड्या घेतल्या, पण देशातल्या बहुतेक कौन्सिलांच्या गाड्या आजही डिझेलवरच धावतात. जिथे बदल झाला तिथे तो कामाच्या स्वरूपामुळे जमला. 26 टनी कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणारी मोठी गाडी, दर काही मीटरला थांबतो. अशा चालीत डिझेल इंजिन सर्वांत जास्त इंधन जाळतं आणि धुराड्यातला फिल्टर पुरेसा तापत नसल्याने काजळीने तुंबतो. बीएस-6 या प्रदूषण-मानकाच्या मोठ्या गाड्या सांभाळणाऱ्या आपल्या मेकॅनिकांनाही हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. विजेच्या गाडीत प्रत्येक थांब्याला थोडी वीज बॅटरीत परत येते आणि ब्रेक लायनर जास्त टिकतात. न्यूयॉर्कमध्ये मात्र अशाच गाडीला पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलं, तेव्हा ती चार तासांत थकली. तिथे थांबणं नाही, सतत ढकलणं आहे. गाडी तीच होती, काम बदललं.

कोळशाच्या विजेचा आक्षेप आकड्यांनीच तपासावा. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो. म्हणजे कार्बनच्या हिशेबात एक लिटर डिझेल आणि सुमारे 3.85 युनिट वीज सारखीच. छोटी विजेची घंटागाडी किलोमीटरला 0.2 युनिट खाते असं धरलं, तर तेवढ्यात ती 19 किलोमीटर जाते. गल्लीबोळांत थांबत-थांबत जाणारी डिझेल घंटागाडी लिटरला 19 देते का, हे पालिकेच्या लॉगबुकातच बघावं. शिवाय धूर थेट कामगाराच्या तोंडावर जात नाही. माझ्या लेखी हा फायदा कार्बनपेक्षा मोठा आहे.

सुरुवात सुक्या कचऱ्याच्या फेऱ्यांपासून करावी. पुठ्ठा आणि प्लास्टिक हलकं, वजनाच्या आधी गाडीची जागाच भरते, त्यामुळे बॅटरीचं वजन अडत नाही. ओला कचरा जड असतो आणि त्याचं गळणारं काळं पाणी वायरिंगच्या जोडांना खातं. सुक्या कचऱ्यातली काच मात्र जड असते.

ब्रिटनमध्ये खरी अडचण झाली ती डेपोत. 20 मोठ्या गाड्या आणि प्रत्येकी 40 किलोवॉटचा चार्जर म्हणजे एकदम 800 किलोवॉट मागणी. पण प्रत्येक गाडीला रात्रीत 200 युनिट लागत असतील आणि हाताशी दहा तास असतील, तर पाळीपाळीने चार्ज करून 400 किलोवॉटमध्ये भागतं. हे नियंत्रण करणारी यंत्रणा सुरुवातीलाच घेतली नाही, तर दुप्पट क्षमतेची जोडणी मागावी लागते आणि तिची वाट पाहत नव्या गाड्या उभ्या राहतात. त्याउलट 60 छोट्या घंटागाड्यांना रोज 15-15 युनिट लागले, तर दहा तासांत सरासरी 90 किलोवॉट पुरतात. म्हणूनच आपल्या शहरांनी कॉम्पॅक्टरच्या मागे न लागता घंटागाड्यांपासून सुरुवात करावी, हा माझा आग्रह. आणि महावितरणकडे जोडणीचा अर्ज गाड्यांच्या ऑर्डरच्या आधी गेला पाहिजे.

रोजच्या तक्रारी साध्या असतात. प्लग लावलेला असतो पण चार्जर आणि गाडीचा 'संवाद' तुटलेला, त्यामुळे पहाटे बॅटरी 40 टक्क्यांवरच. यावर उपाय एकच: रात्री पाळीवरच्या माणसाने प्लग लावल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा फेरी मारून आकडा वर चढलाय का ते बघायचं. डेपो चढावर असेल आणि सकाळी उतारानेच निघायचं असेल तर 100 टक्के भरू नये, कारण भरलेल्या बॅटरीत ब्रेकची वीज मावत नाही. आणि गाडी धुताना नारिंगी केबल (बॅटरीची उच्च दाबाची वायर) व तिच्या जोडांवर जोराच्या फवाऱ्याचं पाणी कधीच मारू नये. पावसापेक्षा हा फवाराच जास्त घातक.

निविदेत 'एका चार्जमध्ये अमुक किलोमीटर' लिहून उपयोग नाही. वॉर्डाचा दिवस लिहावा: किती थांबे, किती वेळा हायड्रॉलिक उचल, किती किलो माल, वर्गीकरण केंद्र किती लांब, वाटेत चढ किती. कंत्राट पाच वर्षांचं आणि बॅटरीची हमी आठ वर्षांची असेल, तर उरलेली तीन वर्षं ती बॅटरी कोणाची, हेही त्यातच हवं. गाडी कंत्राटदाराची, जागा पालिकेची, मीटर महावितरणचा; पहाटे पाच वाजता चार्जर बंद सापडला तर फोन कोणी उचलायचा आणि त्या दिवसाचा दंड कोणी भरायचा, हे करारात नावानिशी ठरेपर्यंत एकाही गाडीची ऑर्डर देऊ नये.