गिफ्ट की पंचनामा?

भाचा चार वर्षांचा होतोय, त्याला काहीतरी वेगळं घ्यावं म्हणून दादरला रानडे रोडवरच्या खेळण्यांच्या एका दुकानात शिरले आणि भर गर्दीत एका अनोळखी गृहस्थांनी मला मोठ्यांदा विचारलं, "बाई, हे संडासातलं ना?"

हो, संडासातलंच. टॉयलेट पेपर संपल्यावर उरते ती पुठ्ठ्याची नळी माझ्या हातात होती. भाच्याला दीड वर्षाची बहीण आहे, आणि खेळणं कोणाच्याही नावाने आणा, ते शेवटी घरातल्या सगळ्यात धाकट्या तोंडात जातं. खोक्यावर '३+' छापलेलं असतं ते मुलाची हुशारी बघून नाही, घसा बघून. खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, तिरक्या तळाचं एक नळकांडं वापरतात. खेळणं किंवा त्याचा निघालेला तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला, तर ते तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नाही. चेंडूंना माप आणखी कडक, ४४.५ मिलिमीटर, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते. पुठ्ठ्याची नळी साधारण याच मापाची. जे त्यातून आरपार जातं, ते परत फळीवर. फुकटातली तपासणी आहे, फक्त चारचौघांत करायची नसते म्हणे.

विचारणारे काका खरेदीला आलेच नव्हते. पाचशेचे सुट्टे मागायला आले होते. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर आलेली. दुकानदार "थांबा, देतो" म्हणाला होता, त्यामुळे काकांकडे वेळच वेळ होता.

"आमच्या वेळी कुठे होती ही थेरं? मी लहानपणी चार आणे गिळले होते. दुसऱ्या दिवशी मिळाले परत."

"काका, नाणं बहुतेक वेळा निघून जातं. पण घड्याळातला तो चपटा बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर लाळेतून करंट वाहतो, तिथे अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतून भाजतं."

"नवा असेल तर. संपलेल्याला काय होतंय?"

"संपलेल्यानेही होतं. खेळणं चालवायला पुरत नाही, भाजायला पुरतो."

काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे जरा संशयाने पाहिलं, मग दुकानदाराकडे वळले. "शेठ, बाई महापालिकेच्या आहेत का विचारून घ्या. हे गिफ्ट चाललंय की पंचनामा?"

सगळं दुकान हसलं. कडेवर मूल घेतलेली एक आई हसली, तिच्या मुलाच्या हातात गाणं म्हणणारी वाढदिवसाची मेणबत्ती होती. त्या मेणबत्तीतही बटन सेलच असतात, आणि झाकणाला बहुधा स्क्रू नसतो. खेळण्यात सेलचं झाकण स्क्रूने बंद हवं, नाहीतर उघडायला एकाच वेळी दोन वेगळ्या हालचाली लागायला हव्यात. तिला सांगणार होते, पण पंचनामा शब्द कानात ताजा होता. नाही सांगितलं. ते अजून खुपतंय.

दुकानदाराचं वेगळंच. आयएसआय मार्क कुठे आहे विचारलं तर त्याने अंगठ्याने 'सीई' दाखवलं. ती युरोपची खूण. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय सक्तीचा आहे, आयात मालालाही. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक बघायचा: साध्या खेळण्याला आयएस ९८७३, सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्याला आयएस १५६४४. खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, परवाना चालू आहे की संपला, सगळं दिसतं. चिन्ह छापायला प्रिंटर पुरतो, म्हणून नंबर टाकून बघायचाच. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, तिथे आपले डोळे आणि नाक.

"मॅडम, एवढं कोण बघतं?" शेठ म्हणाला. कोणी बघत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच तर आवाज इतका शांत.

चुंबकाचे ठोकळे काकांनीच सुचवले. एक चुंबक गिळला तर एकवेळ निघून जाईल, पण दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटली जाऊन भोक पडतं. भोवरा? खाली लोखंडी आर, आणि दोरी थेट बहिणीच्या गळ्याशी.

शेवटी शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून सहा इंची पोळपाट-लाटणं घेतलं. खरं, लाकडी, बिनरंगाचं. काका तिथेही आले, सुट्टे मिळाले नव्हते. "मुलगा आहे ना? लाटणं?" मग लाटण्यावरचा तो विनोद, जो तुम्हालाही पाठ आहे.

लाटणं अखंड घ्यावं. फिरत्या मुठीचं नको, मूठ निसटते. नाकाशी धरून वॉर्निशचा वास बघायचा, ओला पांढरा रुमाल घासून रंग उतरतो का बघायचं. पोळपाटाच्या पायांना खिळे असतील तर डोकी आत बुडालेली हवीत. लाकडाचं बारीक कुसळ शोधायचं तर पातळ ओढणी सगळ्या बाजूंनी फिरवायची, अडकली की तिथे कुसळ आहे. घरी खोबरेल चोळून रात्रभर ठेवायचं, आणि पाण्यात कधीही भिजत टाकायचं नाही, तडकतं.

ओढणी फिरवताना काका म्हणाले, "आता नजरही काढा त्याची."

गिफ्ट पेपर सेलोटेपनेच चिकटवा, स्टेपलर नको, एवढं त्या पोऱ्याला दोनदा बजावलं. त्याने अगदी मन लावून टेप लावली. मग पुडकं पिशवीत घातलं, बिलाची घडी केली आणि पिशवीच्या तोंडाला लावली. खट्, खट्. दोन पिना.