तेल अवीवला ९० सेकंद मिळतात, पण कोणाला?

इस्राएलच्या आकाशात क्षेपणास्त्रं फुटतानाचे व्हिडिओ आपल्याकडे धडाधड शेअर होतात आणि खाली 'काय ती यंत्रणा!' अशा कॉमेंटी पडतात. तिथली पंचविशी-तिशीतली मुलंमुली युद्धाबद्दल बोलायला लागली की विषय वेगळाच असतो. घरात ममाड, म्हणजे काँक्रीटची सुरक्षित खोली, आहे का? नसेल तर मिकलात, म्हणजे सार्वजनिक बंकर, किती लांब? रात्री तीनला भोंगा वाजला तर चौथ्या मजल्यावरच्या आजींना खाली कोण आणणार? माझं स्पष्ट मत आहे की या देशातलं युद्धकाळातलं जगणं कळायचं असेल तर तिथल्या भिंती आधी समजून घ्याव्या लागतील.

आधी सेकंदांचा हिशोब. गाझातून रॉकेट सुटून भोंगा वाजला की आसरा गाठायला गाझालगतच्या स्देरोतला १५ सेकंद मिळतात, अश्केलोनला ३०, अश्दोदला ४५, बीरशेबाला ६०, तेल अवीवला ९०. यातल्या अश्दोद-बीरशेबात रायगडातून गेलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांची जुनी वस्ती आहे, म्हणजे हे आकडे आपल्याही माणसांचे आहेत. लेबनॉनच्या सीमेला लागून असलेल्या गावांत तर भोंगा आणि स्फोट जवळपास एकदमच. इराणचं क्षेपणास्त्र यायला मात्र साधारण १२ मिनिटं लागतात. म्हणून जून २०२५ मध्ये इराणशी झालेल्या बारा दिवसांच्या युद्धात आधी फोनवर इशारा यायचा आणि भोंगा काही मिनिटांनी. त्या मधल्या वेळात लघवीला जाऊन यायचं, बूट चढवायचे, पाणी आणि चार्जर उचलायचा. बूट सगळ्यात महत्त्वाचे, कारण नंतर बाहेर पडताना जिन्यात काचा असू शकतात.

ममाड म्हणजे घरातलीच एक काँक्रीटची खोली. १९९१ मध्ये इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडली, त्यानंतर नव्या इमारतींत ती सक्तीची झाली. भिंती २० ते ४० सेंटीमीटर जाड, दार पोलादी, खिडकीला आतून रबरी पट्टीची काच आणि बाहेरून पोलादी झडप. पण नुसतं आत शिरून भागत नाही. आधी ती झडप पूर्ण ओढून घ्यायची, मग काचेची खिडकी लावून तिचा दांडा फिरवायचा, शेवटी दार लावून त्याची मूठ पक्की बसेपर्यंत वळवायची. घोळ होतो तो इथेच. एरवी ही खोली मुलांची झोपायची खोली किंवा कामाची खोली असते. उजेडासाठी झडप उघडीच राहते, तिच्या खाचेत धूळ साचते आणि ऐनवेळी ती अर्ध्यावर अडकते. कोणी रंगकाम करताना रबरी पट्टीवरही ब्रश फिरवतं, मग ती कडक होते. भिंतीवर टांगलेला आरसा, वरचं पुस्तकांचं फळकूट हादऱ्याने डोक्यात पडतं.

हे दार स्फोटाच्या दाबासाठी बनवलेलं, माणूस अडवायला नव्हे. बचावपथकाला बाहेरून उघडता यावं म्हणून त्याला आतून कुलूप नसायचं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात गाझालगतच्या किबुत्झांत (सामूहिक शेतीच्या वस्त्यांत) माणसं तासन् तास आतून मूठ धरून उभी राहिली, ती यामुळे. आणि थेट आघातापुढे ममाडही टिकेलच असं नाही. जून २०२५ मध्ये पेताह तिक्वात ममाडमधलीही माणसं गेली.

आता ज्यांच्याकडे ही खोलीच नाही त्यांचं. तेल अवीवच्या जुन्या इमारतींत भाड्याने राहणारे बहुतेक तरुण यातच येतात. त्यांना सांगितलेलं असतं: आतल्या जिन्यात या, पण तुमच्या डोक्यावर किमान दोन मजले हवेत, म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांनी खाली उतरायचं. तीन मजली इमारत असेल तर मधल्या मजल्यावर थांबायचं. जिना जमत नसेल तर बाहेरच्या भिंती आणि खिडक्या कमीत कमी असलेली खोली निवडायची आणि खिडकीच्या पातळीखाली बसायचं. बाथरूम आणि स्वयंपाकघर नको, कारण फरशा-काचा फुटून अंगात घुसतात. गाडीत असाल तर कडेला थांबवून बाहेर पडायचं, जवळ आसरा नसेल तर गाडीपासून दूर जमिनीवर पालथं पडून डोकं हातांनी झाकायचं. जून २०२५ मध्ये कित्येकांनी सरळ गाद्या उचलल्या आणि भूमिगत पार्किंगमध्ये किंवा तेल अवीवच्या लाइट रेलच्या भूमिगत स्थानकांत रात्री काढल्या. ममाड असलेल्या फ्लॅटचं भाडं जास्त असतं. सुरक्षितता भाड्यावर ठरावी, ही गोष्ट मला चुकीचीच वाटते आणि तिथले तरुण याबद्दल चिडतात ते योग्यच आहे.

त्याहून वाईट स्थिती नेगेवच्या वाळवंटातल्या बेदुइन अरबांची. त्यांच्या कित्येक गावांना सरकारी मान्यता नाही, म्हणून पक्कं बांधकाम करता येत नाही. घरं पत्र्याची, मिकलात नाही. एप्रिल २०२४ मध्ये इराणने तीनशेच्या वर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली, जवळपास सगळी पाडली गेली. त्या रात्री इस्राएलमध्ये गंभीर जखमी झाली ती अरादजवळच्या अशाच एका बेदुइन वस्तीतली सात वर्षांची मुलगी. त्या मुलीचं नागरिकत्वही इस्राएलचंच.

मिलुइम, म्हणजे राखीव सैनिकी सेवा, त्याबद्दल थोडक्यात. राखीव सैनिकांना बोलावणं आलं की नोकरी, परीक्षा, लग्नाची तारीख सगळं बाजूला पडतं. २०२३ चं विद्यापीठ सत्र ३१ डिसेंबरला सुरू झालं. वर्गातले काहीजण गाझातून परत आलेले, काही परत न आलेले.

आणि कुंपणापलीकडे गाझात भोंगा नाही, ममाड नाही, मिकलात नाही. हजारो मुलं मारली गेली. २०२५ मध्ये त्या मुलांचे फोटो हातात धरून तेल अवीवमध्ये निमूट उभे राहणारे इस्राएली तरुण होते. त्यांना शिव्या देणारेही होते. भोंग्याची भीती स्वतः अनुभवूनही पलीकडचा विचार करणाऱ्या या मुलामुलींबद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्याकडच्या कॉमेंटींत त्यांचा उल्लेखही नसतो, याचं वाईट वाटतं.

ज्यांच्या घरचं कोणी तिथे वृद्धांच्या सेवेच्या कामाला आहे त्यांनी त्या माणसाला ही सूचना कळवावी. व्हीलचेअरवरच्या माणसाला ९० सेकंदांत जिना उतरवता येत नाही. घरात ममाड असेल तर आजी-आजोबांचा पलंग कायमचा तिथेच हलवायला घरमालकांना सांगा, म्हणजे रात्री फक्त झडप आणि दार लावायचं राहतं. ममाड नसेल तर कामावर राहण्याआधीच विचारून ठेवा की भोंगा वाजल्यावर दोघांनी कुठे जायचं, आणि दुसरा हात द्यायला कोणता शेजारी येणार. इशारे देणारं सरकारी ॲप इंग्रजीतही चालतं. ते फोनमध्ये टाकून ठेवा आणि फोन रात्री सायलेंटवर ठेवू नका.