चारशे रुपयांच्या ‘रीफ लाइट’चा तो मेसेज पुढे पाठवू नका

सांगली-मिरजेतल्या फिश टँकवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय. ‘वीस हजारांची ब्रँडेड लाइट घेऊ नका, चारशे रुपयांत रीफ टँक उजळा.’ रीफ टँक म्हणजे जिवंत कोरलचा (प्रवाळांचा) खाऱ्या पाण्याचा टँक. त्यात पाच उपाय आहेत. पांढरा ५० वॉटचा एलईडी फ्लड लावा. रात्री कोरल चमकावेत आणि शेवाळ मरावं म्हणून वॉटर प्युरिफायरची जुनी यूव्ही ट्यूब टँकवर टांगा. मोबाइलच्या लक्स ॲपवर उजेड मोजा. कमी भरला तर लाइट चोवीस तास चालू ठेवा. आणि कोरल विकत कशाला घ्यायचे, मालवणच्या किनाऱ्यावरून आणा.

माझ्याकडे तो आला विश्रामबागेतल्या भाच्याकडून. खाली त्याची ओळ: ‘मामा, तुमच्या जुन्या प्युरिफायरची ट्यूब माळ्यावर आहे ना? उद्या येऊन नेतो.’ त्याच्या घरात तीन वर्षांची पोर आहे आणि टँक हॉलमध्ये. म्हणून मेसेजचा क्रम बाजूला ठेवून यूव्हीपासूनच सुरू करतो.

ट्यूब निळसर दिसते म्हणून ती कोरलची निळी लाइट होत नाही. कोरलच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या शैवालाला उपयोगी पडतो तो निळा प्रकाश साधारण ४२० ते ४८० नॅनोमीटरचा. प्युरिफायरची ट्यूब मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे यूव्ही-सी किरण सोडते आणि ते आपल्याला दिसतच नाहीत. दिसतो तो पाऱ्याच्या वाफेचा थोडासा निळसर उजेड. डोळे दिपत नाहीत, आपोआप मिटत नाहीत, माणूस निवांत बघत बसतो, आणि तेवढ्यात बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजून निघतो. त्रास लगेच होत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी गळतं, उजेड सोसत नाही. कुपवाड एमआयडीसीत वेल्डिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, डोळ्याला वेल्डिंग लागतं म्हणजे काय होतं ते. हे तेच दुखणं आहे.

कोविडच्या काळात घरोघरी यूव्ही दिवे आले, तेव्हा २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं साफ सांगितलं होतं: यूव्ही दिव्यानं हात किंवा त्वचेचा कुठलाही भाग निर्जंतुक करू नका, त्वचेची आग होते आणि डोळ्यांना इजा होते. जो दिवा हातावरसुद्धा धरू नका म्हणतात, तो हॉलमध्ये रात्रभर उघडा टांगायचा? एकदा प्युरिफायर उघडून बघा. ट्यूब क्वार्ट्झच्या नळीत असते आणि ती नळी बंद स्टीलच्या डब्यात. किरण बाहेर पडू नयेत म्हणूनच ही व्यवस्था केलेली असते.

आता कोरलचं चमकणं. त्यांच्यातली प्रथिनं निळा-जांभळा प्रकाश शोषून हिरवा, केशरी प्रकाश बाहेर टाकतात. जेलीफिशमधल्या अशाच हिरव्या प्रथिनाच्या शोधाला आणि वापराला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या चमकेसाठी रॉयल ब्लू एलईडी पुरते. २५४ चे किरण जंतू मारतात ते त्यांचा डीएनए बिघडवून, आणि कोरलच्या पेशी, त्यांच्या आतलं शैवाल यांना ते वेगळं वागवत नाहीत. वरून उघडी ट्यूब लावली तर पृष्ठभागाजवळचे कोरल आधी जातील.

हा घोळ कुठून आला त्याचा अंदाज आहे. टँकसाठी यूव्ही स्टरिलायझर मिळतो, तो खरा आणि उपयोगाचा आहे. पण त्यात पंप पाणी बंद नळीतून फिरवतो, आणि मरतं ते पाण्यात तरंगणारं शेवाळ. काचेला आणि दगडाला चिकटलेलं तसंच राहतं.

फ्लडच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, त्यामुळे ६५०० केल्विनच्या फ्लडमध्ये ४५० च्या आसपासचा निळा प्रकाश असतोच. फूटभर खोल टँकमध्ये मशरूम, झोअँथिड, लेदर कोरल त्यावर तगतात. ॲक्रोपोरासारख्या कोरलना मात्र पीएआर (शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) दोनशे-तीनशेच्या घरात लागतो आणि तिथे अशा एका फ्लडच्या भरवशावर राहता येत नाही. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. स्वस्त फ्लडमध्ये बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताचा करंट देणारं सर्किट, नसतो, ते डीओबी असतात, म्हणजे चिपच्या पट्टीवर थेट २३० व्होल्टचा मेन्स. पुढची काच नीट चिकटवलेली नसली की खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार आत जातात, पांढरी पुटं चढतात, आणि खाली खारं पाणी. मेसेजमध्ये यावर एक शब्द नाही. ३० मिलिॲम्पियरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर असा फ्लड टँकवर लावूच नका. वायरला सॉकेटच्या खाली झोल ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल.

लक्स ॲपवर फार बोलण्यात अर्थ नाही. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं मोजतात. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला पूर्ण वजन आणि ४५० च्या निळ्याला जेमतेम चार टक्के. चांगली निळी लाइट त्या ॲपवर मरतुकडी दिसणार आणि कामाची नसलेली पिवळी लाइट जोरात.

चोवीस तास लाइटही नको. आठ ते दहा तास पुरे. रात्रीचा अंधार कोरलना हवा असतो, कित्येक जण तेव्हाच स्पर्शक पसरून खातात. शिवाय एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. टँकचं पाणी २५ ते २७ अंशांत ठेवताना आधीच नाकीनऊ येतात, त्यात झाकणाखाली रात्रंदिवस तापणारा फ्लड कशाला?

आणि मालवण. हे वाचून मला फार राग आला. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दगडी कोरल, काळे कोरल, फायर कोरल, समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. काढताना सापडलात तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. पोरांना फुकटात कोरल म्हणून हे सांगणाऱ्यानं निदान कायदा तरी वाचायचा.

ब्रँडेड लाइट न घेताही टँक उभा राहतो, हे मी भाच्याला सांगितलंय. तीन वॉटच्या रॉयल ब्लू आणि थोड्या पांढऱ्या चिप, जुन्या ॲम्प्लिफायरचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक, मंद करता येणारा, मेन्सपासून अलग असलेला कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, साधा टायमर. पण सगळ्यात आधी आरसीसीबी. लाइट सुरुवातीला मंद ठेवायची आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवायची. कोरल तपकिरी पडून वर ताणायला लागला तर उजेड कमी पडतोय, फिकट पडत चालला तर जास्त होतोय. मग एकदम काही न बदलता थोडं थोडं कमी-जास्त करायचं.