कोर्दोबाच्या घंटा

घरच्या ग्रुपवर महिनाभर एकच भांडण चालू आहे: कुठली वास्तू मुळात कुणाची, आणि गावाचं नाव बदलायचं की नाही. त्यात मामेभावाने मला ओढलं. "तू तिकडे राहतोस, सांग यांना. युरोपात असले वाद नसतात."

नेमका तेव्हा मी स्पेनमध्ये कोर्दोबाला होतो. भर जुलैची दुपार, रस्त्यात चिटपाखरू नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या पावसात वाढलेली लेक म्हणाली, "बाबा, हे तर नागपूर!" टोमॅटोचं दाट सार करून फ्रिजमध्ये विसरावं तसं लागणारं साल्मोरेखो पोटात ढकललं आणि मेस्किता या जुन्या मशिदीच्या गारव्यात शिरलो.

आत 856 खांब. 785 साली इथल्या मुसलमान राजाने, अब्द अल-रहमानने, ही मशीद बांधायला घेतली, तेव्हा खांब जुन्या रोमन इमारतींतून उचलून आणले. उंची कमी पडली, म्हणून कमानीवर आणखी एक कमान चढवली. ज्या लाल-पांढऱ्या दुहेरी कमानींचे सगळे फोटो काढतात, तो मुळात जुगाड आहे! त्यांतून रमतगमत जावं, तर मधोमध अचानक उंच, सोनेरी, अख्खं कॅथिड्रल. ते 1523 मध्ये मधले खांब हटवून उभारायला घेतलं. लग्नाच्या पंगतीत कुणी ट्रक आणून लावावा तसं वाटलं. बायकोला मात्र आवडलं.

आणि वाद नसतात म्हणे! 2006 मध्ये चर्चने तीस युरो भरून ही वास्तू स्वतःच्या नावावर नोंदवली, त्यावरून केवढा गदारोळ झाला. मुसलमानांना इथे नमाज पढता येत नाही. नुसतं कॅथिड्रल म्हणायचं की मशीदही म्हणायचं, यावरूनही जुंपते. मामेभावाला हे कळवलं, तर त्याने विषयच बदलला.

माझं म्हणणं एवढंच आहे की, भांडा, पण खांबाला ऑइल पेंट फासू नका. इथे इतकं भांडूनही कुणी कमानीवर बदाम काढून नावं कोरलेली दिसली नाहीत. आपले किल्ले 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता तरी बुरुजांवरचे 'राजू लव्हज पिंकी' पुसायला हवेत.

बाहेर संत्र्यांच्या चौकात लेकीला घंटांची गोष्ट सांगितली. 997 मध्ये इथला मुसलमान सेनानी अल-मन्सूर याने उत्तर स्पेनमधल्या सान्तियागोच्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून इथे आणवल्या. मशिदीत त्यांचे दिवे झाले. 1236 मध्ये ख्रिस्ती राजा फर्नांदोने शहर जिंकलं आणि त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवर लादून परत धाडल्या, असं सांगतात.

तिला लगेच वाईजवळची मेणवली आठवली. घाटावरची ती मोठी पोर्तुगीज घंटा. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या लुटीतली.

"मग आपण आपली कधी परत करायची?"

प्रश्न तसाच ग्रुपवर टाकला. रात्रीपर्यंत त्र्याऐंशी मेसेज.