वाचून दाखवल्याची खोटी ओळ

गोव्यात कायदा शिकणाऱ्या मुलीला गावात फार लवकर बढती मिळते. पहिल्या वर्षाची परीक्षा होण्याआधीच ती ‘वकिलीण’ ठरते आणि रविवारी सकाळी घराच्या सोप्यावर माणसे कागद घेऊन येऊन बसतात. त्यांना बहुतेक वेळा सल्ला नको असतो. ‘बाय, हातूंत कितें बरयलां तें सांग गो’, यात काय लिहिले आहे ते सांग, एवढेच त्यांचे म्हणणे असते. म्युटेशनची म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या फेरफाराची नोटीस, दिवाणी न्यायालयाचे समन्स, बँकेचा जप्तीचा इशारा, सगळे इंग्रजीत, आणि इंग्रजीही अशी की पदवीधर मुलाने पहिल्याच परिच्छेदात अडखळावे. मला या माणसांचा कंटाळा येत नाही. ज्या व्यवस्थेने त्यांना माझ्या सोप्यावर आणून बसवले तिची मात्र चीड येते, आणि ती चीड गिळून अभ्यासाला बसणे आता मला जमेनासे झाले आहे.

एक गैरसमज आधीच दूर करते. ही माणसे निरक्षर नाहीत. घरात कोकणी बोलणारी आणि सकाळी मराठी वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचून काढणारी ही माणसे आहेत. त्यांच्यापैकी काही जण जत्रेच्या नाटकात पानभर स्वगते एक शब्दही न गाळता म्हणतात. काही जण पारायणाला बसून ओवीचा अर्थ मला समजावून सांगू शकतात. अशा माणसाला सरकारी खिडकीसमोर उभे केले की तो एका क्षणात अडाणी होतो, कारण समोरच्या कागदाने त्याची भाषा ओळखायचेच नाकारलेले असते. त्यातून त्याच्या चेहऱ्यावर जी शरम येते ती मला असह्य होते. शरम वाटायला हवी ती कागद काढणाऱ्याला.

ही केवळ गैरसोय असती तर मी एवढी संतापले नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार समन्स हाती पडल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपले उत्तर, दाखल करायची असते आणि कारण नोंदवून न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. हे दिवस समन्स समजल्यापासून मोजले जात नाहीत, मिळाल्यापासून मोजले जातात. कागद घेऊन माणूस आधी भाच्याकडे जातो, मग शिक्षकाकडे, मग पंचाकडे, मग माझ्याकडे. तोवर घड्याळ चालूच असते. वेळेत हजर झाला नाही तर दावा एकतर्फी चालतो, आणि एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायचा तर गैरहजेरीला पुरेसे कारण होते हे त्यालाच सिद्ध करावे लागते. ‘मला कागद वाचता आला नाही’ हे कारण सांगताना त्याचा आवाज किती खाली जातो, ते ऐकायला हवे.

पण खरा संताप नोटरीच्या टेबलापाशी येतो. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी, जिथे सही किंवा अंगठा घ्यायचा असतो, तिथे एक ठरावीक इंग्रजी वाक्य असते: मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला व समजावून सांगितला, तो मला समजला आणि खरा आहे. हे वाक्य संगणकात कायमचे साठवलेले असते. वाचून दाखवणे सोडाच, बहुतेक वेळा कागद उलटून शेवटचे पान पुढे केले जाते, ‘हांगा’ म्हणून बोट ठेवले जाते, शिक्का बसतो आणि पुढच्याला हाक मारली जाते. म्हणजे जो दस्तऐवज खरे बोलण्याची शपथ म्हणून केला जातो, त्यातले शेवटचे विधानच धडधडीत खोटे असते, आणि हे टंकलेखकाला, वकिलाला आणि नोटरीला ठाऊक असते. ठाऊक नसते फक्त शपथ घेणाऱ्याला. वर्गात आम्हाला खोट्या पुराव्याचा गुन्हा शिकवतात तेव्हा मला नेहमी हेच टेबल आठवते.

या खोटेपणाची किंमत पुढे साक्षीच्या वेळी मोजावी लागते. २००२ च्या दुरुस्तीपासून दिवाणी खटल्यातील सरतपासणी, म्हणजे उलटतपासणीआधीची साक्षीदाराची मूळ साक्ष, तोंडी होत नाही. साक्षीदाराने आपले म्हणणे प्रतिज्ञापत्रावर द्यायचे असते. ते प्रतिज्ञापत्र अर्थातच वकिलाच्या कार्यालयात, वकिलाच्या इंग्रजीत तयार होते. भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या मुंडकाराने आपल्या घराची, माडांची, वाटेची, बापाने भाटकाराकडे केलेल्या कामाची हकिकत ज्या तऱ्हेने सांगितली असती, तिचा त्यात मागमूस उरत नाही. मग उलटतपासणीला समोरचा वकील विचारतो की सातव्या परिच्छेदात तुम्ही असे म्हटले आहे, ते खरे का? म्हातारा गोंधळतो, कारण तो परिच्छेद त्याने कधी ऐकलेलाच नसतो. तो कोकणीत काहीतरी सांगतो, त्याचे इंग्रजी होऊन नोंदीत जाते, आणि अखेर निकालपत्रात लिहिले जाते की साक्षीदाराच्या बोलण्यात विसंगती आढळते. विसंगती त्याच्या बोलण्यात आणि वकिलाच्या मजकुरात असते, पण खोटारडा तो ठरतो. कुळांसाठी १९६४ चा आणि मुंडकारांसाठी १९७५ चा कायदा ज्या माणसांकरिता झाला, त्यांनाच स्वतःच्या खटल्यात परक्यासारखे उभे राहावे लागते.

कायद्याला हे कळत नाही असे मुळीच नाही. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानुसार प्रतिबंधात्मक अटकेत असलेल्या माणसाला अटकेची कारणे कळवावी लागतात. १९६२ साली हरिकिसन नावाच्या स्थानबद्धाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाच्या हातात इंग्रजी कागद देऊन ही अट पुरी होत नाही. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावले एवढेही तिथे पुरले नाही आणि अटक रद्द झाली. फौजदारी खटल्यांसाठीच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही साक्षीदाराला त्याची नोंदवलेली जबानी वाचून दाखवण्याची आणि त्याला ती भाषा कळत नसेल तर समजेल अशा भाषेत सांगण्याची तरतूद आहे. तत्त्व मान्य आहे. ते फक्त घर, शेत आणि वाट यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आपल्या भाषेतला कागद हक्काने मागायचा असेल तर गोंयकाराने आधी तुरुंगात जावे, असा याचा अर्थ मी घ्यायचा काय?

आता आपल्या भाषाप्रेमींकडे वळते, कारण माझ्या रागाचा मोठा वाटा त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलापासून आपण भाषेवरून भांडत आहोत. १९८७ साली राजभाषा कायदा झाला. कोकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्या काळात घराघरांत फूट पडली. त्यानंतर आजतागायत संमेलने झाली, ठराव झाले, पुरस्कारांवरून रुसवेफुगवे झाले, कोण थोर साहित्यिक कोणाचा यावर लेखमाला झाल्या. कवी बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत जीव ओतला, आणि आपण त्यांची वाटणी करण्यात आयुष्ये घालवली. सिंहासनावर कोण बसणार याचा हा तंटा चालू असताना कारभार निवांतपणे इंग्रजीत चालू राहिला, आणि दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना त्यात काही खटकले नाही, कारण त्यांच्या घरचे कागद वाचायला त्यांचे स्वतःचे वकील होते. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने इथल्या भाषेवर बंदी घातली हे आपण अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतो. आज बंदी घालायला कोणी परका उरलेला नाही, तरी मामलेदार कचेरीच्या दारात आपली भाषा चपलांसारखी बाहेर काढून ठेवावी लागते. त्याही आधी, १६१६ साली, इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सने रायतूरला मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ छापले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे, पण लोकांना काही पटवायचे तर ते त्यांच्या भाषेत सांगावे लागते, एवढे त्याला कळत होते. आपल्या शासनाला बहुधा काही पटवायचेच नसते. पोच घेतली की काम संपते.

ज्येष्ठ मंडळींकडे हा विषय काढला की दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे की कायद्याच्या संज्ञा मराठीत नाहीत. महाराष्ट्रात १९९८ पासून दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे आणि तिथल्या भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोश करून ठेवला आहे. त्यातली पुष्कळ मराठी रुक्ष आणि बोजड आहे, काही वाक्ये वाचताना मलाच मूळ इंग्रजी कायदा उघडावासा वाटतो, हे मी मान्य करते. पण बोजड मराठी घासून सुधारता येते, न कळणारी इंग्रजी घासून मराठी होत नाही. दुसरे उत्तर असे की उच्च न्यायालयाची भाषा घटनेनेच इंग्रजी ठेवली आहे. ती उच्च न्यायालयाची. दुय्यम दिवाणी न्यायालयांची भाषा ठरवण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३७ व्या कलमाने राज्य सरकारला दिलेला आहे, आणि मामलेदाराच्या नोटिशीला तर कुठल्याच घटनात्मक अडथळ्याचे निमित्त नाही.

शिवाय मी संपूर्ण न्यायव्यवस्था उद्या सकाळी मराठीत आणा असे म्हणतच नाही. समन्सचा नमुना संहितेच्या परिशिष्टात छापलेला आहे. प्रत्येक खटल्यात नावे आणि तारखा तेवढ्या बदलतात. तो एकदा मराठीत आणि एकदा कोकणीत करून इंग्रजी प्रतीला जोडायचा, त्यावर शेवटची तारीख ठळक छापायची, आणि प्रतिज्ञापत्र खरोखर वाचून दाखवणाऱ्याने स्वतःचे नाव लिहून खाली सही करायची, जेणेकरून उद्या त्याला साक्षीला बोलावता येईल. एवढे झाले तरी नोटरीच्या टेबलावरची निम्मी घाई आपोआप थांबेल. यासाठी कोणा भाषेला सिंहासनावर बसवावे लागत नाही की कोणाला उतरवावे लागत नाही. भाषेच्या पुढच्या मोर्चाच्या निवेदनात ही मागणी पहिल्या क्रमांकावर असेल तर मी अभ्यास बाजूला ठेवून मोर्चात चालेन. नसेल तर रविवारी मी घरीच असते. घोषणा देऊन झाल्यावर दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी सोप्यावर यावे आणि निदान चार कागद वाचून द्यावेत.