पंचवीस डॉलरला मिळतं, मग शिवायचं कशाला? एका काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकू,

तुमच्या प्रतिक्रियेखाली दोन ओळी खरडून भागणार नाही, म्हणून वेगळं लिहिते. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हॅलोविनचे पोशाख मी घरी कसे करते, यावर मागे लिहिलं होतं : मोठीचा पुठ्ठ्याच्या खोक्याचा कचऱ्याचा ट्रक, धाकट्याचं घुबड. काकू सध्या डॅलसला लेकीकडे आहेत, नातू तीन वर्षांचा. त्यांचं म्हणणं असं की वीस-पंचवीस डॉलरला मिळणाऱ्या वस्तूसाठी रात्री जागणं ही आईची हौस, मुलांची नव्हे. असलं वाचून नोकरी करणाऱ्या मुलींना उगाच अपराधी वाटतं. तयार पोशाखावर निदान आगीबद्दलचं लेबल असतं, तुमच्या पुठ्ठ्यावर काय असतं? आणि एवढं सगळं कशासाठी, तर भुताखेतांच्या सणासाठी!

भुताखेतांचं आधी उरकते. सर्वपित्री अमावास्येशी नातं जोडून मी हॅलोविनला सोवळं नेसवणार नाही. आमच्या गल्लीत ती पोरांनी दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागायची संध्याकाळ आहे, बस. इथे मिनियापोलिसच्या उत्तरेला अनोका नावाचं गाव आहे. तिथली हॅलोविनची मिरवणूक १९२० साली सुरू झाली, ती त्या रात्रीचा पोरांचा धुडगूस आवरावा म्हणून. त्याआधी एकदा सकाळी लोक उठून बघतात तर मुख्य रस्त्यावर गाई मोकाट फिरताहेत, असं सांगतात. म्हणजे पोरांना कशात तरी गुंतवून ठेवा, हा विचार इथेही जुनाच.

आता पंचवीस डॉलर. माझे काही वाचत नाहीत. जुन्या कपड्यांच्या दुकानातला हुडी, फेल्ट (न विणता, तंतू दाबून केलेलं जाड कापड), वेल्क्रो, चमकणारी पट्टी असं सगळं धरलं की बेरीज जवळपास तिथेच येते. मी शिवते ते थंडीमुळे. ३१ ऑक्टोबरला आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पारा बहुतेकदा एक आकडी असतो, तुमच्या सेल्सियसमध्ये. १९९१ साली तर हॅलोविनच्या दुपारी बर्फ सुरू झाला तो थांबेपर्यंत मिनियापोलिसमध्ये २८.४ इंच पडला होता. आमच्या पिढीतले शेजारी अजून ते सांगतात : जॅकेटाखाली राजकन्या, वर दिसतो तो फक्त फुगलेला कोट. दुकानातला पोशाख पातळ आणि बेताच्या मापाचा असतो, जाड जॅकेटावर चढतच नाही. मग दाराशी रडारड. जॅकेट घाल, नाही घालणार.

म्हणून मी उलटीकडून बेतते. आधी मुलाला जॅकेट घालायचं, मग माप घ्यायचं. घुबडासाठी दोन मापं मोठा हुडी घेतला, गळ्यातली नाडी ओढून काढून टाकली (लहान मुलांच्या गळ्याशी नाडी नकोच, ती घसरगुंडीत अडकते, दारात अडकते) आणि फेल्टची पिसं खालून वर, ओळीवर ओळ टाचली. फेल्टचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कडा दुमडायला नकोत. साधा धावदोरा पुरतो. हॉट ग्लूने काम झटपट होतं हे खरं, पण थंडीत तो गोंद कडक होऊन तडकतो आणि दोन घरं होईतो पिसं गळायला लागतात.

ट्रकचा खोका गुडघ्याच्या वर संपतो. पुढची बाजू मी तिरकी कापली आहे, नाहीतर पोरीला स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि इथल्या प्रत्येक घराला पायऱ्या. गाडीत बसताना तो काढावाच लागतो, म्हणून खांद्यावरच्या पट्ट्यांना वेल्क्रो. खऱ्या ट्रकला असते तशी चमकणारी पट्टी चारही बाजूंनी आहे, ती काही शोभेसाठी नाही. १९७५ ते २०१६ या काळातल्या अमेरिकेतल्या अपघातांचा एक अभ्यास आहे. हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आजूबाजूच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांना तो सुमारे दहापट. काळी चेटकीण आणि काळं वटवाघूळ मला म्हणूनच नको वाटतात, भुतं म्हणून नव्हे. मुखवटाही नको, गालावर दोन रेघा पुरतात. त्याही आदल्या दिवशी हातावर लावून बघायच्या.

आगीबद्दल तुम्ही विचारलंत ते मात्र अगदी योग्य विचारलंत. पुठ्ठा पेटतो. स्वस्तातला फेल्टही पेटतो, लोकरीचा त्या मानाने बरा. पण लेबलावरही फार विसंबू नका. ग्राहक सुरक्षेचा इथला, अमेरिकेतला सरकारी आयोगच सांगतो की त्या लेबलाचा अर्थ कापड पेटणार नाही असा नाही. पेट घ्यायला ते विरोध करतं आणि ज्योतीपासून दूर नेलं की लवकर विझायला हवं, एवढंच. २०१४ साली ब्रिटनमध्ये टीव्ही निवेदिका क्लॉडिया विंकलमन यांच्या मुलीचा पोशाख भोपळ्यातल्या मेणबत्तीने पेटला. तो विकतचाच होता. त्याच आयोगाची दुसरी सूचना मला जास्त कामाची वाटते : झिरझिरीत कापड, ढगळ बाह्या, घेरदार झगे टाळा. घरी शिवताना हे आपल्या हातात असतं. आमच्या घुबडाला लोंबणारे पंख नाहीत, बाह्या मनगटाशी इलॅस्टिकच्या, आणि आमच्या भोपळ्यात बॅटरीचा दिवा.

आईची हौस? थोडी आहे. पण कचऱ्याचा ट्रक मी सुचवला नव्हता हो! दर मंगळवारी खिडकीला नाक लावून बसणाऱ्या पोरीला तोच ट्रक हवा होता, बाजूच्या लोखंडी हाताने डबा उचलणारा. आपल्याकडे फॅन्सी ड्रेसला ड्रेपरीवाल्याकडून आणलेल्या टोचऱ्या जरीत आणि चिकटवलेल्या मिशीत उभी केलेली मुलं आठवा. ती कोणाची हौस असायची? धाकट्याने डोक्यावर काही ठेवून घ्यायचं साफ नाकारलं, तर टोपी रद्द. दोन वर्षांच्या मुलाशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पोशाख असा हवा की त्यातलं काही काढून फेकलं तरी उरलेलं चालून जावं.

अपराधीपणाचं मात्र मला पटत नाही. तुमच्या लेकीला वेळ नसेल तर तिने खुशाल विकत आणावा, त्यात काय कमी आहे? तिला तसं कोणी ऐकवत असेल तर ते त्या माणसाला सांगा. शिवण जमणाऱ्याने शिवण लिहायचीच नाही, हा उपाय काही मला मान्य नाही.

आणि काकू, आमच्या जॅकेटाच्या भानगडी डॅलसला नाहीत. तुम्हाला एका स्वेटशर्टवर भागेल. नातवाला काय व्हायचंय ते आधी त्यालाच विचारा, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कापडाला कात्री लावू नका, कारण या वयात उत्तर रोज बदलतं. ठरलं की खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचं आणि छातीचं माप स्वेटशर्टावरून घेऊन कळवा. बेतायचं कसं ते मी सांगते, टाके तुम्ही घाला.