तारूची गोष्ट भाकडकथा नाही

नमस्कार,

ताडोबाच्या जंगलावरच्या माझ्या लेखात वाघावर बसणाऱ्या भुताची भाकडकथा सांगून मी अंधश्रद्धा पसरवतो, आणि जंगल देवाने नव्हे तर कायद्याने वाचवलं, असं तुम्ही लिहिलंत. कायद्याचं मला पूर्ण मान्य. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला नसता, तर आम्हा नागपूरकरांना सफारीला जायला फारसं काही उरलं नसतं. लेखाचं ‘राक्षसी वाघ’ हे शीर्षकही चुकलंच, ते बदललं आहे. भुताच्या नावावर कोणी भगत कोंबडं-पैसे उकळत असेल, तर त्याला माझाही विरोध आहे.

पण भाकडकथा म्हणू नका.

माझं आजोळ ताडोबालगतच्या चिमूर तालुक्यातलं. वाघाने मारलेल्या माणसाचं भूत वाघाच्या डोक्यावर बसतं आणि पुढच्याला हाक मारतं, हे आजीकडून ऐकलं. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघत. आजी एका नाल्याकडे बोट दाखवायची, “तिकडं नोको जाऊ वं, तो हाका मारते.” फुलं वेचणारी बाई तासन्‌तास वाकून, उकिडवी बसून असते. झुडपाआडून वाघाला ती माणूस वाटत नाही, चरणारं जनावर वाटते. त्यात वाघ आपला इलाखा सहजी सोडत नाही. जिथे एक जीव गेला तिथे तोच वाघ परत भेटू शकतो. त्या हाकेच्या धाकाने नाल्याकडे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नसे.

आणि ताडोबा हे नाव तरी कोणाचं? वाघाशी झुंजताना मेलेल्या तारूचं. गावचा प्रमुख होता तो, असं सांगतात. गोंड लोकांनी त्याला देव मानलं, तळ्याकाठच्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरायची. नवेगाव, जामणी ही गावं पुनर्वसनात जंगलाच्या गाभ्याबाहेर गेली. उद्यानाच्या पाटीवर तारू राहिला, त्याला नवस बोलणारी माणसं मात्र लांब गेली. मला याचं फार वाईट वाटतं.

आजीच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्यापुढे दोन हिरव्या बांगड्या आणि मूठभर मोहफुलं होती, अजून ओलसर. शेजारच्या घरातल्या एका बाईचा त्याच नाल्यात वाघाने जीव घेतला होता. तिच्या लेकीला “ही अंधश्रद्धा आहे” असं मी सांगणार नाही. तुम्हीही सांगू नये, एवढी विनंती.